मॅडम दिल्लीला जाणार, तारीख ठाऊक नाही

नोंद असावी म्हणून तारखेपासून आरंभ करतो. मंगळवार, दिनांक १७ डिसेंबर २०२४ रोजी सायंकाळी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच ज्येष्ठतम न्यायाधीशांनी, म्हणजे वर्तमानपत्रे ज्यांना न्यायवृंद आणि वकील ज्यांना कॉलेजियम म्हणतात त्यांनी, नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती मधुवंती सुभेदार यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले. शिफारस लेखी होती, कारणांसह होती आणि त्याच दिवशी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येत होती. यानंतर ती सरकारकडे जाते, सरकार चौकशी करते, राष्ट्रपती नेमणुकीच्या पत्रावर, म्हणजे वॉरंटवर, सही करतात आणि न्यायमूर्ती शपथ घेतात. यातली प्रत्येक पायरी कोठे ना कोठे लिहिलेली आहे. एका पायरीवरून दुसरीवर किती दिवसांत जायचे, एवढे मात्र पाळलेच पाहिजे अशा रीतीने कोठेही लिहिलेले नाही. त्या दिवशी नव्हते, आज हे लिहितानाही नाही. तक्रार एवढीच आहे. ती न्यायमूर्तींच्या वतीने केलेली नाही. ती लहानू सोमकुवर यांच्या वतीने आहे, आणि त्यांनी स्वतः ती कधीही केली नाही.

लहानूजी चोपदार होते. न्यायमूर्ती दालनातून न्यायकक्षाकडे निघाले की पांढरा अंगरखा, लाल पट्टा आणि लाल पागोटे अशा वेषात, चांदीच्या मुठीचा उंच दंड धरून जो माणूस त्यांच्या पुढे चालतो, तो चोपदार. वाट मोकळी करायची, खुर्ची मागे ओढायची, न्यायमूर्ती बसताना ती बेताने पुढे सरकवायची आणि मग दिवसभर पाठीशी उभे राहून काहीही न ऐकल्याचा चेहरा ठेवायचा. सदतीस वर्षांत लहानूजींनी नऊ न्यायमूर्तींच्या खुर्च्या ओढल्या. वकिलाचे बोलणे संपले आहे की तो नुसता श्वास घ्यायला थांबला आहे, हे त्यांना न्यायमूर्तींच्या आधी कळत असे. निकाल काय लागणार हे मात्र त्यांनी कधी ओळखले नाही, आणि घरी कोणी विचारलेच तर "ते माह्यं टेबल नाही" असे म्हणून ते ताटाकडे वळत.

खंडपीठातल्या चोपदारांची एक रीत आहे. ती कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही. न्यायमूर्ती निवृत्त झाले वा बदलून गेले तर हारफुले होतात, भाषणे होतात आणि मोटार निघते. पण न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयात निघाले, तर त्यांचा चोपदार त्यांना जवळच्या जिन्याने पोर्चमध्ये नेत नाही. तो त्यांना मधल्या घुमटाखालून, लांबच्या व्हरांड्याने, सगळ्या न्यायकक्षांच्या दारांवरून नेतो. दारादारांत शिपाई, कारकून, लघुलेखक उभे असतात. पोर्चशी आल्यावर चोपदार बाजूला होतो, दंड एकदा फरशीवर टेकवतो आणि न्यायमूर्ती त्याला ओलांडून पुढे जातात. चोपदार याला दिल्लीची फेरी म्हणतात. लहानूजींना हे काम शिकवणारे नानाजी यांना ती एकदा मिळाली होती, आणि निवृत्तीनंतरची एकवीस वर्षे ते तिच्यावरच जगले. चहाच्या टपरीवर कोणी क्रिकेटचा विषय काढला तरी दुसऱ्या घोटाला नानाजी घुमटाखाली पोहोचलेले असत.

लहानूजींच्या पहिल्या आठ न्यायमूर्तींपैकी दिल्लीला कोणीही गेले नाही. नववे नाव मधुवंती सुभेदार यांचे होते. आणि लहानूजींची निवृत्ती होती ३१ जानेवारीला. हाताशी पंचेचाळीस दिवस होते.

त्या मंगळवारी वकिलांच्या बार रूममधून वाटलेल्या संत्रा बर्फीचा अर्धा डबा घेऊन लहानूजी इंदोरा वस्तीतल्या घरी आले, ते चपला न काढताच स्वयंपाकघरात गेले.

"तुळसा, तोंड कर वं इकडे."

त्यांच्या पत्नी तुळसाबाईंचे हात भाकरीच्या पिठाने भरले होते. त्यांनी बर्फी तोंडात घेतली आणि मग विचारले, "कायची हाय?"

"मॅडम सुप्रीम कोर्टात लागल्या!"

बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी नंदिनी सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. ती कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. तिने लाल पेन न थांबवता आतल्या दिशेने दुरुस्ती केली. "लागल्या नाही, बाबा. नाव गेलं."

"नाव गेलं म्हनजे लागल्याच ना!"

"नाही."

तोवर डब्याचा वास शेजारी गेला होता. शेजारची काजल दारात उभी राहून म्हणाली, "काका, ऐकलं ते खरं हाय का? तुमी दिल्लीले चालले? तिकडं बंगला भेटन का क्वार्टर?"

"मी नाही वं, मॅडम चालल्या."

"पन मॅडमच्या पुढं तं तुमीच चालता ना?" काजलने अगदी रास्त शंका काढली. तिचे समाधान करता करता लहानूजींना तीन बर्फ्या द्याव्या लागल्या. तरीही दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी हीच होती की सोमकुवर काका सुप्रीम कोर्टात लागले आणि काकूंनी उनी कोट शिवायला टाकला.

जेवताना नंदिनीने सगळा प्रकार समजावून सांगितला. "पाहा बाबा. पहिले सरकार नेमत होतं, न्यायाधीशांचा सल्ला घेऊन. मग कोर्टानं म्हटलं, सल्ला म्हणजे नुसतं विचारणं नाही, आमचा शब्द मानावा लागन. तेव्हापासून सरन्यायाधीश अन् चार मोठे न्यायाधीश बसून नाव ठरवतात. मधात संसदेनं वेगळा आयोग करून पाह्यला, कोर्टानं तो रद्द केला."

"म्हनजे न्यायाधीशच न्यायाधीश निवडते?" तुळसाबाईंनी विचारले.

"हो."

"आमच्या बचत गटात असं केलं असतं तं बाया भांडल्या असत्या."

"भांडूनच राहिले, आई. तीस वर्षांपासून भांडून राहिले."

लहानूजींना या भांडणात रस नव्हता. त्यांना पुढचे हवे होते. "अन् सरकारले पटलं नाही तं?"

"तं एकदा परत पाठवू शकते. त्या पाच जणांनी तेच नाव पुन्हा धाडलं, तं मग नेमावं लागते."

"मंग सोपं हाय. हो म्हनावं, नाही तं परत धाडावं. दोनच तं गोष्टी हायेत."

"तिसरी बी हाय, बाबा."

"कोनती?"

"काहीच न करणं."

लहानूजींचा घास हातातच राहिला. "किती दिवस?"

"ते कुठंच बांधून दिलं नाही. रहिवासी दाखल्याले मुदत हाय. दुकानाच्या परवान्याले हाय. मुदत गेली तं बाबूले दंड हाय. याले नाही."

सदतीस वर्षे कायद्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाला हे खरे वाटले नाही. त्यांनी मुलीकडे पाहिले, मग पत्नीकडे पाहिले, आणि निर्णय दिला, "पोरांले शिकवू शिकवू तुह्यं डोकं गरम झालं. आठ दिवसांत येते का नाही पाह्य." आणि उरलेली बर्फी त्यांनी भाकरीनंतर खाल्ली.

ते केवळ तसे बोलून थांबले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी साडेदहाला न्यायमूर्ती सुभेदार न्यायासनावर बसल्या आणि त्यांच्या पायांना खाली काही लागेना. त्या उंचीने लहान आहेत. न्यायासनावरच्या खुर्च्या कधीकाळी ज्यांच्या मापाने घडल्या, ते सगळे उंच पुरुष असावेत. न्यायासनावर बाई बसेल आणि तिचे पाय जमिनीला टेकायला हवेत, हे मापे घेताना कोणाच्याही ध्यानी आले नव्हते. पहिल्याच आठवड्यात लहानूजींनी हे ओळखले आणि कोणालाही न विचारता सुताराकडून एक सागवानी पाट करवून घेतला. सहा वर्षे तो पाट टेबलाखाली, वकिलांच्या नजरेआड, आपले काम करत होता. त्या दिवशी तो तिथे नव्हता. वाटणीच्या एका अपिलात एक ज्येष्ठ वकील दीडपर्यंत बोलले, आणि न्यायमूर्तींनी पाय लोंबते ठेवून, चेहऱ्यावरची एक रेषही न हलवता ते सगळे ऐकले.

सुटीत दालनात येताच त्यांनी विचारले, "लहानूजी, माझा पाट कुठे आहे?"

"पॅक केला, मॅडम."

"कशासाठी?"

"दिल्लीसाठी."

कोपऱ्यात पाट उभा होता. त्याला पोते गुंडाळले होते, सुतळीच्या अकरा गाठी मारल्या होत्या आणि वर लाल शाईने लिहिले होते, 'सुप्रीम कोर्ट, दिल्ली. उलटे ठेवू नये.' तिकडच्या लोकांना मॅडमच्या खुर्चीची अडचण ठाऊक असणार नाही, आणि शपथ घेऊन बसल्यावर पहिल्याच दिवशी पंचाईत नको, असा लहानूजींचा साधा विचार होता.

न्यायमूर्तींनी गाठी मोजल्या. मग म्हणाल्या, "लहानूजी, राष्ट्रपतींचं वॉरंट निघेपर्यंत मी नागपूरचीच न्यायाधीश आहे. आणि माझे पायही नागपुरातच लटकत आहेत. अडीचच्या आत सोडा ते."

गाठी सोडायला अर्धा तास गेला. पलीकडच्या न्यायकक्षाचा चोपदार धम्मदीप दारातून डोकावून म्हणाला, "लहानूजी, पाट तं समजला. खुर्ची कुरिअरनं धाडली का गा?" पुढचा आठवडाभर खंडपीठात कोणाचेही काही सापडेनासे झाले, चष्मा असो वा पंच मशीन, की ते दिल्लीला गेले असे उत्तर ठरून गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लहानूजींची ही चूक म्हणजे अडाणीपणा नव्हता. ज्यांची हयात सही आणि शिक्क्यात गेली, त्या वकिलांनीही बर्फी शिफारशीलाच वाटली होती. ज्या देशात शिफारस जाहीर होते आणि तिच्या उत्तराला तारीख नसते, तिथे लोक आनंद साजरा करायला दुसरा कोणता दिवस निवडणार?

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची गर्दी शहरातून ओसरली. नाताळची सुटी लागली आणि संपली. तुळसाबाई अंगरखा धुऊन, खळ घालून, रात्रीच खुंटीला अडकवून ठेवत, कारण वॉरंट निघाले की दोन दिवसांत निरोप असतो आणि तयारीला वेळ मिळत नाही. पागोट्याचे कापड तर त्यांनी तीनदा नवे बांधायला लावले. "आपल्या लग्नाले तुमी टोपीत आलते," त्या म्हणाल्या, "अन् मॅडमले पोचवाले एवढा थाट."

"लग्नाची तारीख पक्की होती वं. याची नाही, म्हनून रोज तयार राहा लागते."

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी दोघे नरखेड तालुक्यात तुळसाबाईंचे भाऊ चंद्रभान यांच्या बागेत गेले. मृगबहाराची संत्री अजून झाडावर होती. चंद्रभान संत्र्याच्या बागेत वाढलेले, आणि बोलण्यात त्यांची सर्व उदाहरणे तिथूनच येत. भाऊजींचे सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "भाऊजी, त्या सरकारनं परत धाडलं का नाव?"

"नाही."

"मंजूर केलं?"

"नाही."

"मंग काय करून राहिले?"

"काहीच नाही करून राहिले."

चंद्रभान मोठ्याने हसले. "आमच्याकडं व्यापारी सौदा करून गेला, तं माल उचलाचा दिवस बोलूनच जाते. त्या दिवसापर्यंत आला नाही, तं बाग मोकळी. मी दुसऱ्याले देतो, अन् तो तोंड वर करून बोलू शकत नाही. मोठ्या लोकांले एवढं बी सुचत नाही काहून?"

लहानूजींनी एक संत्रे सोलले आणि अर्धे मेहुण्याला दिले. परतीच्या एसटीत ते तुळसाबाईंना म्हणाले, "तुह्या भावाले कायदा समजत नाही, पन बोलला बराबर." लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी मेहुण्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द होता. तुळसाबाईंनी तो त्याच रात्री भावाला फोन करून कळवला.

जानेवारीचा शेवट जवळ आला तसा खंडपीठातला विनोद बदलला. आता लोक लहानूजींना पाहून हळू आवाजात विचारू लागले, "आलं का?" कारकुनांनी मोबाइलवर दर तासाला संकेतस्थळ पाहण्याची पाळी लावून घेतली. शेवटी धम्मदीपने वेगळाच उपाय सुचवला. "लहानूजी, पंधरा दिवसांची मुदतवाढ मागा ना. मॅडम रजिस्ट्रारसाहेबांले एक शब्द टाकतीन."

"कारन काय लिहू?"

"लिहा, मॅडमले पोचवाचं हाय."

लहानूजी हसले, पण मान हलवली. "धम्मदीप, मी नोकरीले लागलो ना गा, त्याच दिवशी माह्या सेवापुस्तकात माही निवृत्तीची तारीख लिहून झाली होती. सदतीस वर्षं पहिले. कोन्या मोठ्या मानसाले विचारा लागलं नाही, कोनी थांबवली नाही. चपराश्याची तारीख एवढी पक्की असते. ते मोडाले मी मॅडमले शब्द टाकाले लावू? अन् त्या टाकतीन असं वाटते तुले?"

ज्या इमारतीत शिपायाच्या जाण्याचा दिवस सदतीस वर्षे आधी ठाऊक असतो, त्याच इमारतीतल्या न्यायाधीशाच्या दिल्लीला जाण्याचा दिवस दोन दिवस आधीपर्यंत कोणीही सांगू शकत नाही. ही तफावत लहानूजींनी कोणावरही न रागावता बोलून दाखवली. रागवायचे काम इतरांवर सोडले.

३१ जानेवारी, शुक्रवार. सायंकाळी पाचला न्यायालय उठले. लहानूजींनी शेवटची खुर्ची ओढली, शेवटचे चालले, जवळच्या वाटेने, रोजच्यासारखे. दालनात न्यायमूर्तींनी दोन कप चहा मागवला होता.

"बसा, लहानूजी."

"मॅडम, उभाच बरा."

"आज पाच वाजून गेले. आता तुम्ही माझे चोपदार नाही, माझे पाहुणे आहात. बसा."

लहानूजी खुर्चीच्या काठावर बसले. इतरांच्या खुर्च्या ओढून ज्यांची हयात गेली, त्यांना स्वतः बसताना ती ओढून घ्यावी लागते हे क्षणभर आठवले नाही, आणि चहाचा कप टेबलापासून हातभर दूर राहिला. न्यायमूर्तींनी टेबलावरून वाकून तो त्यांच्या हाती दिला.

"तुम्ही दिवस मोजत होता, हे मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम, मी काहून मोजू."

"बरं. मीही मोजत नव्हते."

दोघांनी चहा घेतला. मग लहानूजींनी विचारले, "पंचेचाळीस झाले ना, मॅडम?"

"पंचेचाळीस," न्यायमूर्ती ताबडतोब म्हणाल्या, आणि दोघेही इतके हसले की बाहेर उभ्या धम्मदीपला वाटले, आलेच वॉरंट.

आले नव्हते. ते आले ११ फेब्रुवारीला, शिफारशीच्या छप्पन्नाव्या दिवशी. त्या छप्पन्न दिवसांत नाव परत पाठवले गेले नाही, हरकत घेतली गेली नाही, चौकशीत काही निघाल्याचे कोणी म्हटले नाही. पहिल्या दिवशी जी व्यक्ती योग्य होती, तीच छप्पन्नाव्या दिवशीही योग्य ठरली. मग मधले दिवस फाइल कोणत्या टेबलावर होती? विचारण्याची सोय नाही, सांगण्याचे बंधन नाही. न्यायाधीशांनी न्यायाधीश निवडावेत की नाही, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे आहे, आणि बंद दारामागे पाच जणांनी ठरवणे हीदेखील काही अभिमानाने मिरवण्याची रीत नव्हे. पण निवड कोणीही करो, उत्तर कधी मिळेल हा प्रश्न उरतोच, आणि तो विद्वानांना फारसा पडत नाही.

निरोप गुरुवारी, १३ तारखेला ठरला. लहानूजींनी पांढरा सदरा घातला. खुंटीवरच्या अंगरख्याकडे पाहिले नाही. तो सरकारजमा करायला तुळसाबाईंनी आधीच घडी करून ठेवला होता. "मी बी येतो," त्या म्हणाल्या, "एवढी खळ घातली, पाहू तं द्या कोन्या रस्त्यानं चालनार होते." नंदिनीने रजा टाकली. तिघेही फाटकाशी पोहोचले आणि सदतीस वर्षांत प्रथमच लहानूजींना आत जाण्यासाठी पास काढावा लागला. खिडकीतल्या नव्या माणसाने त्यांना ओळखले नाही. अर्जात रकाना होता, येण्याचे कारण. लहानूजींनी बराच विचार करून लिहिले, 'पाहणे.'

"काय पाहणे?" खिडकीतून प्रश्न आला.

"चालणे," लहानूजी म्हणाले. पास मिळाला.

दालनाबाहेर लहानूजींच्या जागी आलेला धम्मदीप लाल पट्ट्यात तयार उभा होता. लहानूजींना पाहताच तो पुढे आला आणि त्याने चांदीच्या मुठीचा दंड त्यांच्यासमोर धरला. "लहानूजी, तुमीच न्या. कोनी काही म्हननार नाही. मी रजिस्ट्रारसाहेबांले विचारून ठेवलं."

तुळसाबाईंचा हात पदराकडे गेला. लहानूजींनी दंडाला बोट लावले, मूठ जरा तिरकी झाली होती ती सरळ केली आणि हात मागे घेतला.

"नाही गा. हा नोकरीतल्या मानसानं धराचा असते. तू चाल. पाठ सरळ ठेव, अन् घुमटाखाली घाई करू नको, तिथं आवाज घुमते."

न्यायमूर्ती बाहेर आल्या. फेरी निघाली. पुढे धम्मदीप, मागे न्यायमूर्ती, आणि त्यांच्या दहा पावले मागे बघ्यांच्या घोळक्यात लहानूजी, तुळसाबाई आणि नंदिनी. दारादारांत माणसे उभी होती. धम्मदीप उत्तम चालला. नानाजींनी लहानूजींना शिकवले आणि लहानूजींनी त्याला, दोन फरशांना एक पाऊल, संथ, जड, तालात.

घुमटाच्या अलीकडे लहानूजी थबकले आणि त्यांनी नंदिनीचा हात पकडला.

"काय झालं, बाबा?"

"मॅडमकडं पाह्य. पायाकडं पाह्य."

चोपदाराने मागे वळून पाहायचे नाही, हा त्या कामातला पहिला धडा. त्यामुळे सहा वर्षे रोज चार वेळा ज्यांच्या पुढे चालले, त्या न्यायमूर्ती चालतात कशा, हे लहानूजींनी आयुष्यात प्रथमच पाहिले. त्या भरभर चालणाऱ्या बाई होत्या. लहान, चपळ पावले टाकत, आणि दर तिसऱ्या पावलाला स्वतःला आवरत, अर्धे पाऊल जागीच ठेवत, पुढच्याच्या टाचेवर पाय पडू नये म्हणून. सबंध लांब व्हरांडाभर हे चालले होते. चालणे, थबकणे, चालणे, थबकणे.

पोर्चशी धम्मदीप बाजूला झाला, दंड फरशीवर टेकला, न्यायमूर्ती त्याला ओलांडून पुढे आल्या. त्यांची नजर घोळक्यात फिरली आणि लहानूजींवर थांबली. त्यांनी खुणेनेच जवळ बोलावले. हार देण्याची, वाकण्याची, काही शोभेसे बोलण्याची ती वेळ होती. लहानूजींनी हात जोडले आणि विचारले ते हे:

"मॅडम, सहा वर्षं तुमी माह्यामागं अशाच अडकत चालल्या?"

न्यायमूर्ती सुभेदार क्षणभर गोंधळल्या, मग खळखळून हसल्या. "अशाच! पहिल्या महिन्यात दोनदा तुमच्या टाचेवर पाय पडता पडता राहिला."

"मंग सांगितलं काहून नाही? मी झपझप चाललो असतो!"

"कसं सांगणार? तुम्ही एकदा तरी मागे पाहिलंत का?"

तुळसाबाई मागून म्हणाल्या, "मॅडम, घरी बी असंच हाय. पुढं चालते, अन् मागचा कोन आला, कोन राहिला, पत्ता नाही." पोर्चमधले सारे हसले, वाहनचालकसुद्धा. मोटारीत बसण्यापूर्वी न्यायमूर्तींनी लहानूजींना विचारले, "येता ना शपथेला? सोमवारी." त्यांनी नकारार्थी मान हलवली. रेल्वेचे आरक्षण इतक्या आयत्या वेळी मिळणार नव्हते, आणि हे दोघांनाही ठाऊक होते. मोटार फाटकाबाहेर पडली.

परतताना तिघांनी सदर भागातल्या रसवंतीवर उसाचा रस घेतला. लहानूजी मजेत होते. चोपदाराने किती वेगाने चालावे यावर ते धम्मदीपला कागदावर काही लिहून देणार होते, आणि ते काय असावे यावर नंदिनीशी त्यांचा वाद रंगला होता. फेरी हुकल्याचे ते एका शब्दाने बोलले नाहीत. आजही बोलत नाहीत. काजलने विचारले तर सांगतात, "धम्मदीपनं मस्त चालवलं."

ते हसले म्हणून झाले ते योग्य ठरत नाही. तेरा दिवसांनी एका माणसाचे सदतीस वर्षांचे मागणे हुकले, आणि ते तेरा दिवस कोणी, कशासाठी घेतले, याची एक ओळसुद्धा कोणाकडे नाही. लहानूजी साधे होते, त्यांचे नुकसान लहान होते. त्याच छप्पन्न दिवसांत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एक खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यासमोर ज्यांचे खटले लागायचे होते, ती माणसे कोठे बसून दिवस मोजत होती, हे तर कोणी नोंदवलेलेही नाही.

म्हणून वाचकहो, हे वाचून नुसती मान डोलावू नका. या आठवड्यात आपल्या खासदाराला एक पत्र लिहा. त्यात एवढेच मागा: न्यायाधीशाच्या शिफारशीवर सरकारने किती दिवसांत उत्तर द्यायचे, तो आकडा कायद्यात लिहा, आणि तो टळला तर कारण सहीनिशी जाहीर करा. पत्राखाली आपले नाव घाला आणि तारीख घाला.